तिसरी हाळी

भागीला स्वस्थ बसलेली पाहिले आहे असे छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात सापडणार नाही. बाजारच्या दिवशी बाकीच्या बायका गोणपाटावर बसकण मारून भाजी विकतात. भागी आपल्या टोपलीभोवती फेऱ्या घालत विकते, जणू टोपली संधी साधून पळून जाणार आहे. गिऱ्हाइकाने भाव विचारला की उत्तर देता देता ती शेजारणीच्या जुड्या बांधून देते, समोरच्या म्हातारीची पिशवी एसटीत चढवून येते, आणि ती परत येईपर्यंत गिऱ्हाईक आपण काय विचारले होते ते विसरलेले असते. तिच्या मुलाच्या, रूपेशच्या, लग्नाचा एक मोठा फोटो घरात लावलेला आहे. त्यात सत्तावीस माणसे लख्ख आली आहेत. अठ्ठाविसावी भागी. ती पुसट आहे.

अशा बाईला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी नोकरी लागली ती शहरातल्या माणसांना स्वस्थ बसायला शिकवण्याची.

भागीचे घर आंबेमाळला. माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे ओलांडले की एक पायवाट वर चढते. ती जिथे दमते तिथे सोळा घरांची ही वाडी आहे. भागीचा नवरा बाळाराम. त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटे आखूड आहे, पण जीभ पुऱ्या मापाची आहे. सहा शेळ्या त्याच्या ताब्यात आहेत. निदान तो तसे समजतो. शेळ्यांचे मत वेगळे असावे.

वाडीच्या खाली, पायवाट रस्त्याला मिळते तिथे, मुलुंडच्या हेतलबेनने दहा खोल्या बांधल्या आणि पाटी लावली, ‘निवांत’. हेतलबेनच्या यजमानांचा प्लायवुडचा धंदा आहे. म्हणजे नवरा झाडे कापून विकतो आणि बायको उभी ठेवून विकते. एकाच घरात दोन्ही बाजू सांभाळलेल्या. ‘निवांत’मध्ये वनस्नान मिळते. त्याला पाणी, साबण, टॉवेल यांतले काही लागत नाही. सहा-सात जणांना घेऊन एक वाटाड्या रानात जातो. मोबाईल खाली डब्यात ठेवायचे. तासाभरात जेमतेम अर्धा किलोमीटर चालायचे, तेही असे की मागून आलेल्या मुंगीने वाट मागावी. झाडाच्या सालीवर हात ठेवायचा, माती हुंगायची, आणि मग ज्याने त्याने एकेक झाड धरून त्याखाली चाळीस मिनिटे गप्प बसायचे. याने रक्तदाब उतरतो, झोप लागते, डोक्यातला कलकलाट कमी होतो, असे ‘निवांत’च्या पत्रकात लिहिले आहे. पत्रकावर माझा सहसा विश्वास नसतो. पण वर जाताना दाढ दुखत असल्यासारखी दिसणारी माणसे खाली येताना दाढ काढून टाकल्यासारखी दिसतात, हे पुष्कळांनी पाहिलेले आहे.

पहिला वाटाड्या रीतसर शिकून आलेला तरुण होता. त्याला झाडांची लॅटिन नावे येत होती, वाट तेवढी येत नव्हती. एके दिवशी तो सात पाहुण्यांना घेऊन स्वतःच हरवला. भागी त्या वेळी ‘निवांत’च्या स्वयंपाकघरात भाजी द्यायला आली होती. तिने भाजीची पाटी खाली ठेवली, रानाच्या तोंडाशी जाऊन एक हाळी घातली, आठ घाबरलेल्या गळ्यांचे उत्तर कुठून येते ते ऐकले आणि पाऊण तासात आठही जणांना घेऊन आली. येताना त्यांच्या डोक्यावर सरपणाच्या चार मोळ्याही होत्या. हेतलबेनने त्याच संध्याकाळी तिला कामावर ठेवून घेतले.

त्या मोळ्यांवरूनच काय ते ओळखायला हवे होते. आंबेमाळचा माणूस रानातून रिकाम्या हाताने परतला तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. भागीने पाहुण्यांना रानात न्यायला सुरुवात केली ते दिवस हिवाळा सरायचे होते. पावसाआधी भाताच्या रोपाची जागा भाजून घ्यावी लागते, तिला राब म्हणतात, आणि त्यासाठी पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, लागतो. रान पातेऱ्याने भरलेले, समोर सहा धडधाकट माणसे, आणि त्यांना काही काम नाही. भागीला हे बघवेना.

हेतलबेनने तिला दुसऱ्याच आठवड्यात गाठले.

“भागीबेन, गेस्टलोक पैसे देऊन काम करायला येतात काय?”

“काम कुठं वो. बसायच्या आधी जरा पातेरा बाजूला करा म्हटलं. बुडाला टोचतंय.”

“बाजूला केला, तर टोपलीमधी कसा आला?”

“बाजूला टोपलीच व्हती.”

त्या दिवशी ज्या बँकवाल्या साहेबांनी दीड टोपली पातेरा भरला, त्यांना कित्येक महिन्यांनी गोळीशिवाय झोप लागली, असे त्यांनी ‘निवांत’च्या अभिप्रायाच्या वहीत लिहून ठेवले आहे. पण वाटाड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या ज्या संस्थेचे नाव ‘निवांत’ला पाटीवर हवे होते, तिच्या नियमात टोपली बसत नव्हती. संस्थेने श्वेता मॅडमना पाठवले.

श्वेता मॅडम पुण्याच्या. त्या इतक्या हळू बोलत की समोरचा माणूस ऐकण्यासाठी वाकत वाकत अखेर नमस्कार केल्यासारखा दिसे. त्यांनी तीन दिवस भागीला शिकवले.

“भागीताई, रानाची ओळख आपण करून द्यायची नाही. रान स्वतः करून देईल.”

“त्याला कुठं बोलता येतं, मॅडम.”

“येतं. आपण गप्प बसलो की येतं.”

भागीने मान हलवली. वाद घालण्यात वेळ घालवायचा तिचा स्वभाव नाही. तेवढ्यात तिने मॅडमच्या ओढणीला अडकलेली कुसळे काढून टाकली. जाताना मॅडमनी सांगितले, की फेब्रुवारीतल्या पहिल्या शुक्रवारी परीक्षा. सहा पाहुणे असतील, मॅडम सोबत असतील, आणि भागीने पाहुण्यांबरोबर चाळीस मिनिटे न बोलता, न उठता, हाताला काही काम न देता बसायचे. बसली तर प्रमाणपत्र आणि पक्की नोकरी. नाही बसली तर हेतलबेनला दुसरा माणूस बघावा लागेल.

ही गोष्ट बाळारामने फोनवर रूपेशच्या कानावर घातली, आणि तिथून खरी पंचाईत झाली. रूपेश वाशिंदच्या कारखान्यात आहे. तिथेच त्याने चौथ्या मजल्यावर घर घेतले आहे. त्याची बायको भूमिका गुणी मुलगी. दोघांना मनापासून वाटते की आईबापांनी आता त्यांच्याकडे राहावे. अगदी मनापासून वाटते, त्यामुळे भांडताही येत नाही.

“आये,” रूपेश म्हणाला, “त्या कामाचं पक्कं झालं तर मी तोंड उघडणार नाय. ऱ्हा खुशाल. पण नाय झालं तर रविवारी टेंपो घेऊन येतो. बाचा पाय असला, तू दिवसभर रानात. आमाला तिकडं घास उतरत नाय.”

भागी त्या चौथ्या मजल्यावर एकदा तीन दिवस राहून आली होती. पहिल्या दिवशी तिने घर झाडले. दुसऱ्या दिवशी घरात झाडायला काही उरले नाही म्हणून जिना झाडला. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीने तिला थांबवून महिन्याला किती घेणार असे विचारले. रात्री ती गॅलरीत उभी राहून खाली बघत असे. भूमिकाने विचारले, आत्या, काय बघताय. भागी म्हणाली, “इतकी माणसं हायत गो, पण कोण कुठं हाय ते काय कळत नाय.”

हे बोलणे समजायला आंबेमाळची एक रीत माहीत हवी. रानात गेलेले माणूस दर थोड्या वेळाने हाळी घालते. शब्द नसतात, नुसता ‘कूऽऽ’ असा लांबवलेला आवाज. ऐकेल त्याने आपल्या आवाजात उत्तर द्यायचे. प्रत्येकाची हाळी वेगळी. भागीच्या जावेची, चिमाबाईची, शेवटी मोडते. शेजारच्या रामूची टेंपोच्या हॉर्नसारखी असते आणि त्याच कारणाने कोणाला आवडत नाही. कोण कुठल्या उतारावर आहे, कोण ओहोळात आहे, कोण दमले आहे, हे वाडीला असे बसल्या जागी कळते. पहिल्या हाळीला उत्तर आले नाही तर दुसरी. दुसरीला नाही तर तिसरी. तिसरीलाही आले नाही, तर हातातले टाकून सगळ्यांनी धावायचे.

आठ वर्षांपूर्वी बाळाराम हिरड्याच्या झाडावर चढला होता. भागी खाली ओहोळात होती. सकाळी दोघांचे भांडण झाले होते. चटणीत मीठ नव्हते, एवढेच. भागीने हाळी घातली, उत्तर नाही. दुसरी घातली, उत्तर नाही. रुसलाय, ती मनाशी म्हणाली, रुसू दे. आणि तिने तिसरी घातली नाही. टोपली भरली, पाणी प्यायली, दुसऱ्या झाडाखाली गेली. दीड तासाने तिला राहवले नाही म्हणून वर जाऊन बघते तो बाळाराम मोडलेल्या फांदीसकट खाली पडलेला. मांडीचे हाड मोडले होते आणि छातीला असा मार बसला होता की गळ्यातून आवाज निघत नव्हता. दोन्ही हाळ्या त्याने ऐकल्या होत्या.

बाळाराम हे कधी बोलून दाखवत नाही. म्हणजे आठवड्यातून दोनदाच दाखवतो, तेही हसत. भागी आधीही फार बसणारी नव्हती. पण त्या दिवसापासून तिच्या पायाला जे चक्र लागले ते लागले. रानात ती आता घटकेघटकेला हाळी घालते. उत्तर आले की पुढचे पाऊल टाकते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती वाडीत घरोघर फिरली आणि प्रत्येकाला बजावून आली, की उद्या सकाळी रानात कोणी तोंड उघडायचे नाही. कोणी हाळी घातली आणि तिच्या तोंडून उत्तर गेले की संपले.

“आन मला बिबट्या दिसला तर?” चिमाबाईने विचारले.

“त्याला सांग, आज परीक्षा हाय, उद्या ये.”

“मी तर हळूच घालीन,” रामू म्हणाला.

“तुझी हळू मुरबाडला ऐकू जाते रे. तू तोंडात पदर कोंब.”

“माझ्याकडं पदर कुठं?”

“बायकोचा घे.”

रात्री तिने बाळारामला सांगितले. तो चुलीपाशी पाय शेकत बसला होता.

“तुमाला सांगायला नको. शेळ्या घेऊन वरच्या टेपावर जाल, तर मुकाट ऱ्हा.”

“बरं.”

“बरं नाय. वचन द्या.”

“मेलो तरी बोंबलणार नाय,” बाळाराम म्हणाला. “मग तर झालं?”

शुक्रवारी सकाळी साडेनऊला भागी सहा पाहुण्यांना घेऊन रानात शिरली. मागे श्वेता मॅडम, हातात कागद अडकवलेली पाटी. पाहुण्यांत ठाण्याच्या एका मोठ्या सोसायटीचे चेअरमन होते. त्यांचा हात दर मिनिटाला खिशाकडे जाई, खिशात मोबाईल नाही हे कळल्यावर खजील होऊन परत येई आणि पुन्हा निघे. भागीला हा माणूस पहिल्यापासून आपल्यातला वाटला.

तासभर तिने कमाल केली. गोगलगायीसारखी चालली. वाटेत आवळ्याचे लगडलेले झाड लागले, तिने दुसरीकडे मान वळवली. एक सुंदर वाळकी फांदी, चुलीच्या मापाची, पायाशी पडली होती. तिने ती ओलांडली आणि चार पावले गेल्यावर मागे वळून तिच्याकडे असे पाहिले, जणू लेक सासरी धाडली आहे. सगळे ऐनांच्या झाडीत पोचले. मध्ये थोडी मोकळी जागा, भोवती करवंदीच्या दाट जाळ्या. पाहुण्यांनी एकेक झाड धरले. भागी आपल्या नेहमीच्या जाडजूड ऐनाला टेकून बसली. श्वेता मॅडमनी घड्याळ पाहिले आणि बोट ओठावर ठेवले.

पहिली पाच मिनिटे बरी गेली. सहाव्या मिनिटाला भागीच्या उजव्या हाताने शेजारचे गवत उपटायला घेतले. मॅडमनी पाहिले. भागीने हात मांडीखाली दाबून ठेवला. मग डावा हात निघाला, तोही दाबला. स्वतःच्या हातांवर बसलेली भागी आता सरळ समोर बघत होती. समोर चेअरमन दोन्ही हात खिशात घालून डोळे गच्च मिटून बसले होते.

रान शांत होते. दहाव्या मिनिटाला भागी मनात म्हणाली, गुणाची हायत सगळी, ऐकलं माझं. एक सुतार पक्षी लाकूड ठोकत होता. घाटाच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला. पंधराव्या मिनिटाला तिच्या ध्यानात आले की हाळी नाही ते ठीक. पण कुऱ्हाडीचा आवाजही नाही. सकाळच्या या वेळी रामू खालच्या अंगाला लाकूड फोडत असतो. आज ठोका नाही. चिमाबाईचा खोकला नाही. वाडीतली दोन कुत्री दिवसभर एकमेकांवर भुंकतात, तीही नाहीत. काय झाले? कोणाला मुरबाडला दवाखान्यात नेले की काय? सगळीच गेली?

अठराव्या मिनिटाला तिला शेळ्या आठवल्या. वरचे टेप, म्हणजे टेकाड, ऐनांच्या झाडीपासून हाकेवर आहे. बाळाराम रोज या वेळी तिथे असतो आणि पुढच्या शेळीच्या गळ्यातली घंटा इथवर ऐकू येते. भागी कान देऊन बसली. घंटा नव्हती. वारा पडला असेल. वारा नव्हताच. तिने श्वास रोखून पुन्हा ऐकले. सुतार पक्षीसुद्धा थांबला होता.

मेलो तरी बोंबलणार नाय.

हे वाक्य तिला आता ऐकू आले, चुलीपाशी आले होते त्याहून मोठ्याने. टेपावर जायच्या वाटेत एक निसरडा कातळ आहे. आखूड पाय त्याच्यावर नीट पडत नाही. तिनेच वचन घेतले होते. वचनाला हा माणूस पक्का, दुसऱ्या कशाला नसला तरी.

बाविसाव्या मिनिटाला भागी उठून उभी राहिली. श्वेता मॅडमनी हळूच मान हलवून खाली बसायची खूण केली. भागी बसली. तिला चौथा मजला दिसला, जिना दिसला, सेक्रेटरी दिसला. अठरा मिनिटे काढायची होती. अठरा मिनिटांत काय होते? मग तिला आठवले, की दीड तासात काय होते ते तिला माहीत आहे. ती पुन्हा उठली.

“भागीताई,” मॅडम ओठांनी नुसते म्हणाल्या.

भागीने तोंडाभोवती हात धरले आणि हाळी घातली.

पाहुण्यांपैकी दोघे दचकून बसल्या जागी उडाले. हाळी टेपावर जाऊन आपटली आणि परत आली. उत्तर आले नाही.

तिने दुसरी घातली. ती ओहोळापर्यंत गेली, पलीकडच्या उतारापर्यंत गेली. काही नाही. मॅडमनी पाटीवर काहीतरी लिहिले. भागीला ते दिसले. अजूनही खाली बसली असती, हात जोडले असते, तर मॅडमनी एखादे वेळी समजून घेतले असते. ती क्षणभर तशीच उभी राहिली. चेहरा पार उतरला होता. मग तिने छाती भरून घेतली आणि तिसरी हाळी घातली.

आणि रान फुटले. उजवीकडच्या करवंदीतून, डावीकडच्या करवंदीतून, मागच्या दगडाआडून, अगदी मॅडमच्या पाठीमागे तीन हातांवरून, सगळीकडून एकदम उत्तरे आली. मोडकी, जाडी, किनरी, आणि त्या सगळ्यांवर रामूचा हॉर्न. श्वेता मॅडमच्या हातातली पाटी पडली. जाळ्यांमधून आंबेमाळची माणसे एकेक करून काटे सोडवत उभी राहिली. चिमाबाई होती, रामू होता, त्याच्या खांद्यावर खरोखरच बायकोचा पदर होता आणि पदरापाठोपाठ बायको होती. वाडी सगळी इथे होती. भागी बसणार आहे, ही गोष्ट जन्मात पुन्हा पाहायला मिळायची नाही म्हणून पहाटेच कामे टाकून, शेळ्या बांधून, कुत्री कोंडून सगळी येऊन जाळ्यांत लपली होती. बोलायचे नाही असे भागीनेच बजावले होते, म्हणून दोन हाळ्या त्यांनी दात आवळून गिळल्या. तिसरी गिळणे कोणाच्या हातात नव्हते.

एक उत्तर मात्र आले नव्हते. भागी गर्रकन वळून एकेक तोंड तपासत होती. तेव्हा तिच्याच ऐनाच्या पलीकडून, ती ज्याला टेकून बसली होती त्याच खोडाच्या दुसऱ्या अंगाने, आवाज आला.

“हितंच हाय गो. वरडतेस कशाला?”

बाळाराम खोडाला पाठ लावून, आखूड पाय लांब करून बसला होता. भागी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“तोंड शिवलं व्हतं का तुमचं? पहिलीला का नाय बोललात?”

“तूच म्हणालीस, मुकाट ऱ्हा.”

“आन दुसरीला?”

बाळारामने पाय चोळला. “दुसरीला बोलणार व्हतो. मग म्हटलं, बघू तरी, आज तिसरी घालते का.”

कोणी हसले नाही. रामूसुद्धा. भागीने खाली वाकून बाळारामच्या सदऱ्याला लागलेला काटा काढला, फेकला आणि म्हणाली, “मेल्या.” आठ वर्षांतली ही तिची पहिली शिवी, असे चिमाबाई शपथेवर सांगते.

मग तिने भोवती एक नजर फिरवली, ओठांनी माणसे मोजली, आपल्या ऐनाखाली परत गेली आणि बसली. “मॅडम,” ती म्हणाली, “घड्याळ परत लावा. आता बसते.”

श्वेता मॅडम भल्या बाई. त्यांनी पाटी उचलली, घड्याळ पाहिले. वाडीही जागच्या जागी बसली. सहा पाहुणे आणि वाडीची तीस-पस्तीस माणसे त्या झाडीत चाळीस मिनिटे गप्प बसली. भागी हलली नाही. हात मांडीवर मोकळे पडले होते. दहाव्या मिनिटाला तिची मान कलली आणि अकराव्या मिनिटाला ती घोरू लागली. तिच्यापाठोपाठ चेअरमनही झोपले. त्यांचे हात त्या आधीच खिशातून बाहेर आले होते. वेळ संपल्यावर मॅडमनी छोटी घंटी वाजवली तरी भागी उठली नाही. बाळारामने खोडाच्या पलीकडून हाळी घातली तेव्हा झोपेतच उत्तर देऊन मग तिने डोळे उघडले.

निकाल मॅडमनी तिथेच सांगितला. पहिल्या वेळी मौन मोडले. दुसऱ्या वेळी परीक्षार्थी झोपली. झोप मौनात धरत नाहीत. पण त्या हाळीबद्दल त्या संस्थेत विचारणार होत्या, आणि तीन महिन्यांनी, मे महिन्यात, पुन्हा परीक्षा घेणार होत्या. तोवर भागीने काम चालू ठेवायला त्यांची हरकत नव्हती. खाली आल्यावर हेतलबेनने विचारले, की पुढच्या वेळी गाववाले लोक येणार काय. येणार असतील तर चाळीस माणसांच्या चहाचे आधी सांगा.

रविवारी रूपेश टेंपो घेऊन आलाच.

“पास का नापास?”

“मे महिन्यात परत हाय,” भागी अंगण झाडत म्हणाली.

“म्हंजे नापास.”

“नापास असते तर परत कशाला बोलावलं असतं? अर्धी झालीय.”

“आये, परीक्षा अर्धी होत नाय.”

“तुझी दहावी कशी दोनदा झाली?” बाळारामने ओट्यावरून विचारले.

टेंपो रिकामा जाऊ नये म्हणून भागीने त्यात हिरड्याचे पोते, आवळ्याची पाटी आणि भूमिकासाठी एक कोंबडी चढवली. रूपेशने निघताना मे महिन्यातली तारीख विचारून मोबाईलमध्ये लिहून घेतली. तो विसरणारा मुलगा नाही, हे भागीला माहीत आहे.

म्हणून आता रोज संध्याकाळी आंबेमाळला सराव चालतो. भागी अंगणात पाटावर बसते. बाळाराम तिच्या मागे, दोन हातांवर, ओट्यावर घड्याळ घेऊन बसतो. वाडीतले लोक आता फार येत नाहीत. पहिले आठ दिवस आले. हात मांडीखाली दाबायची गरज पडत नाही इतपत प्रगती झाली आहे. चूल दिसते, पण तिच्याकडे ती उठून जात नाही. आतापर्यंतचा उच्चांक अकरा मिनिटांचा आहे. बाराव्या मिनिटाला तिची पाठ ताठ होते, मान जराशी वळते, आणि मागे न बघता ती विचारते,

“हाय का वो?”

“हाय,” बाळाराम म्हणतो, आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावतो.